एका चपलेचा नंबर

जयवंत परबला वेड्यात काढायची संधी मी आयुष्यात सहसा सोडलेली नाही, पण त्या दिवशी तो आपण होऊनच माझ्या हाती सापडला. आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत पाण्याचा टँकर यायचा होता. खाली बालद्यांची रांग लागली होती, आणि हा गृहस्थ त्यातल्या एका निळ्या बालदीसमोर उकिडवा बसून मोबाइलने तिचा फोटो काढत होता. बालदी रिकामी होती. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं, कान तेवढा तुटका होता.

"मेल्या, बालदीचो फोटो कित्याक काढतंस?" मी विचारलं.

"गप रव. नंबर लावलेली आसा ती."

नंबर लावणं म्हणजे काय ते गिरणगावात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. रांगेत स्वतः उभं राहायला वेळ नसला की आपल्या जागी काहीतरी ठेवायचं आणि कामाला जायचं. वीट, पिशवी, बाटली, काहीही चालतं. रांग पुढे सरकली की मागचा माणूस ती वस्तू पायाने किंवा हाताने पुढे सरकवतो. मालक येईपर्यंत ती वस्तूच माणूस. हे कुणी शिकवत नाही नि कुठे लिहून ठेवलेलं नाही. आम्ही दोघांनी लहानपणी रॉकेलच्या रांगेत डबे ठेवून खुशाल क्रिकेट खेळलेलं आहे.

पण त्याचे फोटो काढायचे हे माझ्या बापजन्मात कुणाला सुचलं नव्हतं. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. त्याने बालदीचा आणखी एक फोटो काढला.

जयवंताची गोष्ट सांगायची तर फार लांबड लावायला नको. बाप गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार. हाही साच्यावर लागला होता, पण संप झाला नि गिरणी गेली. मग फोर्टातल्या एका ऑफिसात लिफ्टमन म्हणून चिकटला आणि तेहतीस वर्षं एका स्टुलावर बसून लोकांना वर नेऊन खाली आणत राहिला. मी सरकारी कचेरीत टंकलेखक. दोघेही आता पेन्शनीत, दोघेही दुसऱ्या मजल्यावर, मध्ये दोन खोल्या. त्याची बायको सुभद्रावहिनी मला भावजी म्हणते आणि नवऱ्याची तक्रार असली की माझ्याकडेच करते. तिची मुख्य तक्रार ही, की "ह्यांका घरातल्या नळावर नंबर लावूक सांगा, कंबर दुखता. दुसऱ्याच्या बालदीची राखण करूक चार तास उभे!"

हे चार तास तिने वाढवून सांगितलेले नाहीत. जयवंताच्या कामाची पद्धतच तशी आहे. तो गुडघ्याएवढ्या उंचीवरून फोटो काढतो. वस्तूला हात लावत नाही, तिचं तोंड फिरवत नाही, बाजूचा कचरासुद्धा हलवत नाही. आणि मग थांबतो. मालक येईपर्यंत थांबतो. मालक आला, त्याला त्याची जागा मिळाली, की जाऊन विचारतो, तुमच्या वस्तूचा फोटो काढला, चढवू का? बहुतेक लोक त्याच्याकडे मी बघतो तसेच बघतात. पण हो म्हणतात.

फोटो चढतात ते इन्स्टाग्रामवर. त्याची नात ओवी कॉलेजात आहे, तिने सहा वर्षांपूर्वी ते पान उघडून दिलं आणि नाव ठेवलं "नंबर आहे". फोटोखालचा मजकूर मी लिहितो, कारण जयवंताने मोबाइलवर एक ओळ लिहिली की तिच्यात तीन हुंदक्यांची आणि पाच शेंगदाण्यांची चित्रं येतात. हे शेंगदाणे कुठून येतात ते त्यालाही ठाऊक नसतं. मजकूर अगदी थोडा असतो. बालदी, निळी. डिलाईल रोड. बावन्न मिनिटं. बस. मिनिटं म्हणजे जयवंत किती वेळ थांबला ती.

आजपर्यंत चारशेच्या वर वस्तू झाल्या. माझगावात भाऊच्या धक्क्यावर लिलावाच्या आधी कोळणींनी ओळीने मांडलेल्या मासळीच्या पाट्या आहेत. गिरगावातल्या एका दातांच्या डॉक्टरकडे बाकावर आडवी ठेवलेली छत्री आहे. दादरच्या एका बँकेत पासबुकाच्या मशीनसमोर कुणीतरी पाण्याच्या बाटलीवर आपला चष्मा ठेवला होता, तो फोटो मला फार आवडतो. लालबागच्या गल्लीत गाडीची जागा अडवायला सिमेंट भरून ठेवलेला तेलाचा डबा आहे. त्या डब्याचा मालक पनवेलला गेला होता. चार तास दहा मिनिटं. चाळीतल्या संडासापुढच्या डबड्यांची रांग मात्र सुभद्रावहिनीने चढवू दिली नाही. त्या दिवशी घरात जेवण मिळणार नाही असं तिने स्वच्छ सांगितलं.

हे पान आता नऊ हजारांवर माणसं बघतात. हे मला पहिल्यांदा खोटंच वाटलं होतं. नऊ हजार माणसांना दुसऱ्याची बालदी बघायला वेळ आहे, मग देशाचं काही खरं नाही, असं मी म्हणालो. पण लोक खाली लिहितात ते वाचताना मलाही गंमत वाटायला लागली. कुणी माहीमवरून लिहितं, आमच्याकडे विटा असतात. कुणी अमेरिकेतून लिहितं, आईचा डबा आठवला.

मी एकदा त्याला विचारलं होतं की मालक येईपर्यंत तिष्ठत कशाला बसतोस? फोटो काढ नि घरी ये.

तो म्हणाला, "मालक इलोच नाय तर तो नुसतो कचरो रे." मग शुद्धात म्हणाला, "मुंबईत माणसाला कुणी विचारत नाही रामदास. पण त्याच्या बालदीला विचारतात."

लिफ्टमध्ये तेहतीस वर्षं बसलेला माणूस असं काहीतरी बोलणारच. मी विषय बदलला.

आता त्या चपलेची गोष्ट. यंदाच्या जानेवारीतली.

परळला मोठ्या इस्पितळांच्या मागे एका ट्रस्टची धर्मशाळा आहे. गावाहून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं तिथे राहतात. रोज सकाळी नऊला खिडकी उघडते आणि त्या दिवशी जितक्या खोल्या रिकाम्या होणार तितकेच नंबर घेतात. लोक पहाटेच वस्तू ठेवून जातात, कारण आत पेशंटजवळही कुणीतरी हवं असतं. जयवंत सकाळी चालायला तिकडे जातो. पावणेआठला तो तिथे पोचला तेव्हा फुटपाथवर पिशव्या होत्या, दगडाखाली दाबलेला पेपर होता, आणि पुढून सहावी एक चप्पल होती.

एकच चप्पल. उजव्या पायाची. तपकिरी रंगाची, अंगठ्याजवळ पिवळ्या दोऱ्याने शिवलेली.

जयवंताला इतका आनंद झाला की त्याने मला फोन करून उठवलं. सहा वर्षांत चपला खूप मिळाल्या होत्या, पण त्या जोडीने. एकच ठेवण्यातली हुशारी माझ्या लक्षात आली नाही, ती त्यानेच सांगितली. जोडी ठेवली तर कुणीतरी घालून जातं. एक कोण नेणार? म्हणजे हा मनुष्य आत इस्पितळात एका पायाने अनवाणी फिरत होता. मी म्हटलं, वा, आणि पुन्हा झोपलो.

पुढचे पावणेतीन तास मी तिथे नव्हतो. जयवंताने आणि सम्यकने सांगितलं तसं सांगतो. सम्यक म्हणजे चपलेच्या मागे एक बाई सोडून उभा असलेला माणूस, पुढून आठवा. चाळिशीचा, अकोल्याकडचा, म्हाताऱ्या आईला घेऊन आलेला.

साडेआठपर्यंत सगळ्या वस्तूंचे मालक आले. चपलेचा आला नाही. नऊला खिडकी उघडली आणि आतल्या बाईंनी पाटी लावली, आज खोल्या सात. रांग सरकायला लागली. मागची बाई चप्पल पायाने पुढे ढकलत होती. पाचव्या माणसाचं काम झालं आणि चप्पल एकटीच खिडकीसमोर आली.

"पुढचे," बाई म्हणाल्या.

कुणी हललं नाही. मग मागची बाई पुढे व्हायला लागली, तेव्हा जयवंत पुढे झाला. तो रांगेत नव्हताच. बाजूला झाडाखाली उभा होता.

"नंबर आहे," तो म्हणाला.

"तुमचा?"

"माझा नाही. ह्यांचा." त्याने चपलेकडे बोट केलं.

"पेशंटचं नाव?"

"माहीत नाही."

"गाव?"

"माहीत नाही."

"मग तुमचा संबंध काय?"

"मी फोटो काढलाय," जयवंत म्हणाला. रांगेतले लोक हसले. हसणारच की. मी असतो तर मीही हसलो असतो.

बाई वैतागल्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी विचारलं, ही चप्पल कुणी ठेवताना बघितलंय का? नुसती पडलेलीही असेल. आणि इथे सम्यक बोलला. खोल्या सात, तो आठवा. चप्पल बाद झाली असती तर शेवटची खोली त्यालाच मिळणार होती. त्याची आई समोर बाकावर डोळे मिटून बसलेली होती. तो म्हणाला, "मी बघितलंय मॅडम. सहा वाजता ठेवली. पांढरी टोपी घातलेले काका आहेत. मला म्हणाले, येतोच."

जयवंत हे सांगताना दर वेळी इथे थांबतो. मीही थांबतो. आपल्या तोंडचा घास माणसाने असा शांतपणे बाजूला ठेवावा, हे मला तरी जमलं नसतं.

बाईंनी मग निवाडा केला. एक खोली चार वाजेपर्यंत राखून ठेवते. माणूस स्वतः पेशंटची फाइल घेऊन आला पाहिजे. चार वाजता आला नाही तर खोली ह्यांची. ह्यांची म्हणजे सम्यकची. मग त्यांनी पाटी बदलून "आज खोली शिल्लक नाही" अशी लावली, आणि जयवंताला म्हणाल्या, "ती चप्पल आधी इथून उचला. खिडकीसमोर चप्पल बरी दिसत नाही."

आणि जयवंताने चप्पल उचलली. सहा वर्षांत एकाही वस्तूला बोट न लावलेल्या माणसाने ती उचलून आपल्या कापडी पिशवीत ठेवली आणि तो मालकाला शोधायला निघाला. चहाच्या टपऱ्या बघितल्या, पाणपोई बघितली, पैसे देऊन जायच्या संडासाबाहेर थांबला. सम्यक आईला डॉक्टरांकडे घेऊन गेला. धर्मशाळेसमोर कुणीच उरलं नाही.

दहाच्या सुमाराला जयवंत परत आला तेव्हा समोरच्या चहावाल्याने सांगितलं, आत्ता एक टोपीवाले बाबा येऊन गेले. एक पाय उघडा होता. पाटी वाचली. मग फुटपाथवर खाली बघत राहिले. गटारातसुद्धा वाकून बघितलं. आणि गेले.

कुठे गेले ते चहावाल्याला माहीत नव्हतं.

त्याचा दुसरा फोन आल्यावर मी पोचलो साडेदहाला. जयवंत झाडाखालच्या कट्ट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. चेहरा असा, की मी तयार करून आणलेले सगळे टोमणे गिळून टाकले. मग एक राहिला तो बाहेर पडलाच. "अरे शहाण्या, चप्पल तिथेच ठेवायची होतीस! जरा बाजूला, पण तिथेच!"

"मी तेची खूणच उचललंय रे," तो म्हणाला.

करायला गेलो गणपती नि झाला मारुती, तसं झालं होतं. त्या माणसाची खोली राखून ठेवलेली होती आणि हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्याला वाटलं असणार की आपली चप्पल कुणीतरी लाथेने उडवली आणि नंबर गेला. खिडकी बंद, गावाकडचा माणूस, विचारणार तरी कुणाला? आणि आम्ही शोधणार तरी कसे? त्या भागात इस्पितळं एकाला एक लागून, एकेका इमारतीला दहा-दहा वॉर्ड. पास असल्याशिवाय दारावरचा माणूस आत सोडत नाही. पासावर पेशंटचं नाव लागतं. आम्ही तीन दारांवर जाऊन आलो. एका ठिकाणी जयवंताने पिशवीतली चप्पल काढून दाखवली, तर त्या दारवानाने आम्हाला चपलाचोर समजून पार फाटकापर्यंत पोचवलं.

बारा वाजता मी म्हणालो, "फोटो चढव."

"नाय."

"अरे नऊ हजार माणसं बघतात. त्यातलं कुणीतरी परळचं असेल."

"मालक येईपर्यंत चढवायचो नाय. आणि तेच्या गरिबीचो तमाशो नको. शिवलेली चप्पल आसा ती. लोक हसतले."

मी चिडलो. खरंच चिडलो. म्हणालो, तुझा नियम तुला लखलाभ, चार वाजता त्या माणसाची खोली जाईल आणि तू नियम कवटाळून बस. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. पिशवीच्या बंदाला पीळ घालत होता. पाचेक मिनिटांनी त्याने मोबाइल माझ्या हातात दिला.

मी लिहिलं: "परळ. उजव्या पायाची चप्पल, अंगठ्याजवळ पिवळ्या दोऱ्याने शिवलेली. हिने सकाळी सहा वाजता धर्मशाळेत नंबर लावला. खोली चार वाजेपर्यंत राखून ठेवलेली आहे. मालकांना ते माहीत नाही. पांढरी टोपी, डाव्या पायात हिच्याच जोडीची चप्पल. कुणाला दिसले तर कृपा करून सांगा."

मिनिटं लिहिली नाहीत. लिहून काय करायचं होतं?

पहिल्या तासात दोनशे माणसांनी बदाम टाकले. एकाने हसण्याची चित्रं टाकली, त्याला इतरांनीच झापलं. कुणी लिहिलं, आम्ही ठाण्याला आहोत, काही मदत? ठाण्याहून काय मदत करणार, कपाळ! पण माझा राग कशावर होता ते माझं मला कळत होतं. घड्याळावर होता.

दीडला सुभद्रावहिनी डबा घेऊन आली. नवऱ्याला काही बोलली नाही, त्यावरूनच मी ओळखलं की तिने फोटो बघितलाय. सम्यकही आईला घेऊन तिथेच आला होता. त्याला दुसरीकडे कुठे जायचं होतं? एकाच कट्ट्यावर आम्ही बसलो, चारच्या आत तो माणूस यावा म्हणून डोळे लावून बसलेले आम्ही, आणि तो आला नाही तर ज्याला खोली मिळेल तो सम्यक. वहिनीने सगळ्यांच्या हातावर भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी ठेवली. सम्यकच्या आईने अर्धी खाल्ली.

सम्यक मला हळूच म्हणाला, "काका, देवाजवळ काय मागावं तेच समजत नाही आहे."

 मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

अडीच झाले. तीन झाले. जयवंत दर पाच मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन लोकांचे पाय बघून यायचा. एवढ्या बायकापुरुषांच्या पायांकडे टक लावून बघणारा म्हातारा बघून दोघी-तिघी बाजूलाही झाल्या. मोबाइल सम्यकच्या हातात होता, कारण आम्हा दोघांपेक्षा त्याला तो लवकर उमगतो. तीन वाजून बारा मिनिटांनी त्याने एक निरोप वाचला, एकदा आईकडे बघितलं आणि उभा राहिला.

"चला काका, उठा. सापडले."

निरोप धम्मपाल नावाच्या माणसाचा होता. लालबागचा राहणारा, इस्पितळात वॉर्डात काम करणारा, पन्नाशीचा. डबा खाताना तो हे पान बघतो म्हणे. त्याने लिहिलं होतं, तिसरा मजला, बायकांचा वॉर्ड, एक बाबा सकाळपासून पाय खुर्चीखाली दडवून बसलेत. आत्ता वाकून बघितलं. उजवा उघडा, डाव्यात तीच तपकिरी चप्पल. खाली फाटकावर येतो, पास मी बघतो.

जयवंत निघाला. मी त्याच्यामागे. मागून वहिनीचा आवाज आला, ती सम्यकला सांगत होती, "तू आईला घेऊन आमच्याकडे यायचं. पोटमाळा आहे, पंखा आहे. खोली मिळेपर्यंत राहा. ह्यांना विचारायची गरज नाही." सम्यक काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

इस्पितळातली लिफ्ट स्ट्रेचरसाठी राखीव होती. लिफ्टमनने हात आडवा केला. जयवंताने जन्मभर असाच हात आडवा केलेला, त्यामुळे तो एक शब्द न बोलता जिन्याकडे वळला. अडुसष्ट वर्षांचा माणूस तीन मजले न थांबता चढला. मी दोनदा थांबलो.

भेटायची वेळ होती. वॉर्डात टोकाच्या खाटेजवळ खुर्चीवर ते बसले होते. पांढरी टोपी, दाढीचे खुंट, मांडीवर फाइल. पाय खरोखरच खुर्चीखाली ओढून घेतलेले. धम्मपालने सांगितलं, हे कुशाबा, जतच्या बाजूचे. खाटेवर त्यांची बायको होती. तपासण्यांसाठी दिवसापुरतं आत घेतलेलं. साडेआठलाच तिला तपासणीला नेलं म्हणून कुशाबांना खिडकीवर येता आलं नव्हतं. आज संध्याकाळी सोडणार होते, आणि उद्यापासून सहा आठवडे रोज रेडिएशनचा शेक घ्यायला यायचं होतं. राहायचं कुठे, तेवढाच प्रश्न होता.

जयवंताने पिशवीतून चप्पल काढली आणि खाली वाकून त्यांच्या उघड्या पायाजवळ ठेवली.

कुशाबांनी चपलेकडे बघितलं. मग ह्याच्याकडे. "कुठं घावली वो?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

जयवंताला दम लागला होता आणि आनंदही झाला होता, दोन्ही मिळून त्याचा आवाज चढला. "तुमचा नंबर गेला नाही! खोली मिळाली तुम्हाला! चारच्या आत फाइल घेऊन चला."

कुशाबांचा चेहरा खुलायच्या ऐवजी पडला. ते हाताने खुणा करायला लागले, हळू, हळू. आम्हाला काही कळेना. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"म्हंजी सकाळी मिळाली न्हवती?"

मग सगळं उलगडलं. दहा वाजता पाटी वाचून, चप्पल गेलेली बघून हा मनुष्य वर आला होता आणि बायको तपासणीतून घाबरून आलेली बघून तिला सांगून बसला होता की खोली मिळाली. नुसती मिळाली म्हणून थांबला नव्हता. दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून झाड दिसतं, पाण्याचा नळ आतच आहे, असं सगळं रचून सांगितलं होतं. आणि आता संध्याकाळी तिला घेऊन कुठे जायचं, ह्या विचारात तो सकाळपासून त्या खुर्चीवर बसून होता. जयवंताने धावत येऊन, दम लागलेल्या आवाजात, त्याचं बिंग फोडलं होतं.

कुशाबा मान खाली घालून बसले. जयवंताची तर कोकरासारखी अवस्था झाली. मला वाटलं, संपलं, आता ही बाई रडणार.

ती रडली नाही. उशीवरच तिने मान वळवली आणि आमच्याकडे बघितलं. डोळ्यांत हसू होतं, मी शपथेवर सांगतो.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "खोली मिळाल्याला मानूस आदी दुसऱ्या पायातली चप्पल घालून येतो. ह्ये आले त्ये पाय दडवतच आले. पर झाड दिसतंय, नळ हाय, आसं यवढं मन लावून सांगाय लागले, म्हून म्या गप ऐकून घेतलं."

कुशाबांनी वर बघितलं नाही. त्यांचे खांदे हलत होते. जयवंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तिने चादरीतून हात काढून नवऱ्याच्या मांडीवरची फाइल त्याच्याकडे सरकवली.

"उठा आता," ती म्हणाली. "चार वाजत्याल. आन् खिडकीतनं काय दिसतंय त्ये या बारीला खरं बगून येवा."